पुलाखालचं पिंप

लालबागच्या आमच्या चाळीत राहणारे जगदीश घाडी एकतीस वर्षं बसडेपोत टायर बदलत होते. नवा चढवायचा, गुळगुळीत झाला की उतरवायचा. उतरवलेला टायर नव्यापेक्षा सहा-सात किलो तरी हलका भरे. "पण तेवढं रबर गेलं कुठं, असं मी एकदाही विचारूक नाय," काका चिडून सांगतात. तो राग स्वतःवरचा असतो.

उत्तर त्यांना निवृत्तीनंतर मिळालं, शेजारच्या अक्षदाकडून. ती पर्यावरण अभियांत्रिकी शिकते. परळच्या एका उड्डाणपुलावरचं पावसाचं पाणी खांबांलगतच्या पाइपांतून खाली उतरतं आणि गटारातून समुद्रात जातं. त्यातल्या एका पाइपाखाली तिने दोन पावसाळ्यांपुरती परवानगी काढून पाणी गाळायचं पिंप बसवलं होतं. आत खडी, वाळू, कोळसा आणि सगळ्यात वर नारळाचा काथ्या. ते साफ करायला मदत हवी होती, म्हणून काका गेले. काथ्यावरचा काळा गाळ त्यांनी चिमटीत धरून चोळला.

"अगो, ह्यो तर टायर!"

"हो काका. ब्रेक मारला की झिजतो. पाऊस ते सगळं धुऊन खाली आणतो, आणि शेवटी माशांच्या पोटात जातं."

काका त्या दिवशी जेवले नाहीत. पुढचे दोन पावसाळे दर शनिवारी ते पिंपातला गाळ काढायचे, सुकवून बरणीत भरायचे, बरणी भरली की वर तारीख चिकटवायचे. अक्षदा त्यातला थोडा कॉलेजात तपासायची.

यंदाच्या मे महिन्यात पुलाचे खांब रंगवायचं काम निघालं. कंत्राटदाराच्या माणसांनी पिंप उचलून कचऱ्याच्या गाडीत टाकलं आणि त्याच खांबावर निळा समुद्र काढला. त्यात रंगीत मासे!

"चाचा, खराब दिखता था," मुकादम म्हणाला.

"आणि पाणी? ते दिसत नाय म्हणून कसंही सोडायचं?" काकांचा आवाज एवढा चढला की हिंदमाताच्या कापडबाजाराकडे निघालेली माणसं थांबून बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी अकरा बरण्या पिशवीत घालून काका अक्षदाबरोबर पुलाचं काम बघणाऱ्या कार्यालयात गेले. तिथला तरुण इंजिनिअर हसला. "काका, एका पिंपाने मुंबईचं काय होणार?"

काकांनी एकेक बरणी त्याच्या टेबलावर मांडली. "एका पाइपाचं हे एवढं. बाकीच्यांचं कुठं गेलं, ते तुम्ही सांगा. मी टायर चढवून पगार घेतला, तुम्ही पूल सांभाळायचा पगार घेता. घाण तेवढी माशांनी गिळायची?"

अक्षदाने तपासणीचा अहवाल पुढे सरकवला. इंजिनिअरने तो शेवटपर्यंत वाचला. मग हसला नाही.

जुलैत पत्र आलं: एका पाइपाखाली पिंप ठेवायला प्रायोगिक तत्त्वावर एक वर्षाची परवानगी. अक्षदा आनंदाने वर धावत आली. काकांनी पत्र दोनदा वाचलं आणि भडकले.

"बावीस पाइप आहेत पुलाला! पाणी गाळायला परवानगी लागते. उरलेले एकवीस समुद्रात घाण सोडतायत, त्यांना कोणी विचारली परवानगी?"

तरी पिंप त्यांनी त्याच दिवशी बसवलं. मग घरी येऊन अर्ज लिहायला बसले, प्रत्येक पाइपाचा वेगळा. दर सोमवारी एक नेऊन देतात. कारकून खुर्ची पुढे करतो, पण पोचपावतीचा शिक्का पडेपर्यंत काका उभेच राहतात. आतापर्यंत सात झाले.