पुढचं शून्य

वेल्ह्याच्या ठाण्यात होतो तेव्हाची ही हकीकत आजही लख्ख आठवते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. शिवऱ्याच्या एका खबऱ्याने कानावर घातलं, "सायेब, विंझरकडं गुरांचा कंपाउंडर हाय न्हवं, त्याची फटफटी चोरीची हाय. न्हाईतर एवढ्या पगारात आनली कुठनं?"

गाडी ठाण्यात आणली. इंजिनावर नंबर होता ०४१७२. चोरीच्या वाहनांची नोंद तेव्हा पुण्यातल्या एका संगणकावर नुकतीच ठेवू लागले होते. नंबर फोनवर कळवायचा, मग तिथल्या ऑपरेटर बाई यंत्राच्या भाषेत प्रश्न टाकायच्या. उत्तर आलं, गाडी चोरीची आहे.

कंपाउंडरला समोर बसवलं.

"पुण्यात एका मिल्ट्रीवाल्याकडनं घेतली, सायेब. कागद नावावर कराया दिल्यात."

"तो कुठं आहे?"

"बदली झाली. पत्ता ठावं न्हाई."

चोर नेमकं असंच सांगतात. पण हा नजर चुकवत नव्हता. एवढंच म्हणाला, "अटक झाली तर नोकरी जाईल माझी." बाहेर व्हरांड्यात त्याची बायको भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन बसली होती.

अटक करण्याआधी जिथं चोरी झाली त्या ठाण्याला फोन लावला. फिर्यादीतला नंबर ४१७२ निघाला. पुढे शून्य नव्हतं.

"यानंच ठोकलं असणार," हवालदार म्हणाले. "आणि पुढच्या शून्याला किंमत ती काय, साहेब?"

रॉकेलच्या बोळ्याने मी स्वतः इंजिन पुसलं. मागाहून ठोकलेला आकडा कडेला दाटीने बसतो, त्याची खोलीही वेगळी असते. इथं पाचही आकडे एका ओळीत, सारख्या अंतरावर होते.

पुन्हा पुण्याला फोन केला. ऑपरेटर बाई आधीचा प्रश्न तपासून म्हणाल्या, "साहेब, नंबर अवतरणचिन्हांत टाकायला हवा होता. तसा टाकला नाही, म्हणून यंत्राने आपणहून त्याला संख्या समजलं. संख्येत पुढचं शून्य गळतं. मग ४१७२ शी जुळलं." त्यांनी अक्षरासारखा, चिन्हांत घालून नंबर पुन्हा विचारला. या वेळी नोंद सापडली नाही. गाडीच्या कंपनीच्या पुण्यातल्या विक्रेत्यानेही दोन्ही नंबर पाहून सांगितलं, त्या दोन वेगवेगळ्या गाड्या आहेत.

"जा, घेऊन जा गाडी," मी म्हणालो.

बायकोने आत येऊन विचारलं, "खरंच सोडलं का वो?" मग दोघं व्हरांड्यात बसून भाकरी खाऊ लागले. हवालदारांनी न सांगता पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला. निघताना कंपाउंडर "जयभीम, सायेब," म्हणाला आणि किक मारली. वरच्या वाडीत एक म्हैस अडली होती, तिकडे त्याची वाट पाहत होते.

यंत्र खोटं बोललं नव्हतं. आपल्या सोयीने एक गोष्ट दुसरी समजून ते मोकळं झालं होतं. खबऱ्यानेही तेच केलं होतं. गरिबाच्या दारात फटफटी दिसली, ती त्याने चोरीची समजली. तेव्हापासून नोकरीभर मी उत्तर आलं की आधी विचारत असे, प्रश्न नेमका कसा विचारला होता? त्या सवयीने माझी कामं थोडी रखडली, पण झोप कधी मोडली नाही.