मान की जांघ

मला सुईची भीती वाटते हे मी कधी कुणाला कळू दिलं नव्हतं. दुधनीत आमचं तूरडाळीचं दुकान. पोत्याच्या मापात कुणी गडबड केली तर मी त्याला अशी झाडते की पलीकडच्या गाळ्यातली माणसं हातातलं काम टाकून बघायला येतात. असल्या बाईनं सुईला घाबरायचं म्हणजे लोकांना चेष्टेला विषयच. पण मूत्रपिंडं निकामी झाली, अंगावर सूज चढली, चार पावलं टाकली की धाप लागायला लागली, आणि शहरात सात रस्त्याजवळच्या एका दवाखान्यात आणून मला पलंगावर टाकलं, तेव्हा माझा सगळा तोरा उतरला.

डायलिसिस म्हणजे अंगातलं रक्त नळीनं बाहेर घ्यायचं, मशीनमधून स्वच्छ करायचं आणि परत आत सोडायचं. त्याची कायमची सोय हातातली शीर जोडून करतात, पण ती शीर तयार व्हायला कितीतरी आठवडे जातात. तोवर एखाद्या मोठ्या शिरेत तात्पुरती नळी घालावी लागते. मानेत, नाहीतर जांघेत. डॉक्टर तरुण होते, मला काकू म्हणायचे. त्यांचा कौल मानेला होता. उजवीकडची शीर सरळ खाली उतरते, नळीला वळण पडत नाही, काकूंना उठता-बसता येईल, असं त्यांनी यांना नीट समजावून सांगितलं. हे म्हणजे आमचे मालक.

आता आम्ही लिंगायत. लहानपणी स्वामींनी बांधलेलं इष्टलिंग माझ्या गळ्यात, चांदीच्या करडगीत. करडगी म्हणजे सुपारीपेक्षा थोडी मोठी डबी. ती अंगावरून उतरवायची नाही. आंघोळीला नाही, बाळंतपणात नाही, कध्धीच नाही. ती अंगापासून सुटली म्हणजे माणसात काही उरलं नाही, असं आमच्या घरात मानतात. मानेत नळी घालायची तर गळा पूर्ण मोकळा पाहिजे म्हटल्यावर यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. जांघेत घाला, म्हणून मोकळे झाले. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी तेच म्हणाले असते, कारण उतरवायची भीती मलाही तेवढीच होती.

तर जांघेत नळी आली. लाज तर गेलीच, पडद्याआड का होईना. पण खरी गंमत दुसऱ्या दिवशी सकाळी. आमची पूजा बसून करायची असते, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन. आणि सिस्टर म्हणाली, पाय दुमडायचा नाही, नळी मुडपते. ज्या इष्टलिंगासाठी जांघ निवडली त्याचीच पूजा मी लोळत केली. यांना म्हटलं, झालं का समाधान? आणि बोलल्याबरोबर मलाच वाईट वाटलं, कारण त्यांचं तोंड पार सुकून गेलं होतं.

पुढं एकदा मशीनवर असतानाच थंडी भरली. थंडी कसली, पलंगाची सळई वाजायला लागली एवढी मी हलत होते. दातावर दात बसेना. चार ब्लँकेटं घातली तरी आतून गारठा येत होता. मला वाटलं, संपलं, आता काही मी दुधनी बघत नाही. नळीतून जंतू शिरले होते. लगेच नळी काढली, सलाईनमधून औषधं सुरू केली. ताप उतरला, पण नळी नाही म्हणजे डायलिसिस नाही, आणि अंगात पाणी परत साचायला लागलं. आडवं झालं की घुसमटायला व्हायचं. उशांना टेकून बसूनच मी डोळे मिटायचे आणि दचकून उघडायचे. डोळा लागला आणि श्वास घ्यायचाच राहिला तर, हा एकच विचार.

मग डॉक्टरांनी परत तोच प्रश्न काढला आणि आमच्या मालकांनी वाटाघाटी सुरू केल्या. आडतीवर भाव करावा तसा त्यांनी माझ्या अंगाचा भाव केला. दुसऱ्या जांघेत घाला म्हणाले. डॉक्टर म्हणाले, तिथं परत जंतू गेले तर काकूंना ते झेपणार नाही. हे म्हणाले, मग मानेऐवजी गळ्याच्या हाडाखाली, खांद्याजवळ? तर म्हणे तिथली शीर नळीनं आखडते, आणि ती आखडली की त्या बाजूचा हात पुढच्या कायमच्या सोयीला वाया जातो. बरं, मग करडगी दंडाला बांधू. उजव्या हाताला सलाईन होतं. डावा हात तर डॉक्टरांनी त्या कायमच्या सोयीसाठी राखूनच ठेवला होता, त्याला ना सुई, ना बीपीचा पट्टा, ना दोरा आवळायचा. हे सगळं ऐकत मी बसले होते आणि छातीत नुसतं घर्र घर्र चाललं होतं. माझ्या मरणाची चर्चा आणि मलाच कुणी विचारीना. मला असा राग आला की भीती घटकाभर मागं हटली.

"मानेतच घाला," मी म्हणाले. "करडगी मी डाव्या तळहातावर धरते. पूजेला रोज तळहातावर येतंयच की. तेव्हा अंगावरून उतरलं म्हणतो का आपण?"

हे खिडकीशी जाऊन खालची रहदारी बघत उभे राहिले. दोऱ्याची गाठ मीच सोडली, दुसऱ्याचा हात लागून चालत नाही म्हणून. वर्षानुवर्षांची गाठ, आणि बोटं सुजलेली. किती वेळ सुटेचना. सुटली तेव्हा गळा एकदम हलका वाटला, आणि करडगी मी डाव्या मुठीत घट्ट धरली. हे जवळ आले आणि कानडीत म्हणाले, अंजब्याड, म्हणजे घाबरू नकोस.

आत नेलं. पलंगाचं डोकं झेपेल तेवढंच खाली घेतलं, नाकाला ऑक्सिजन लावला. मान डावीकडं वळवायला सांगितली आणि तोंडावर हिरवं कापड टाकलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, काकू, शिरेच्या शेजारूनच मोठी धमनी जाते आणि खाली फुप्फुस आहे. मी सांगेन तेव्हा अजिबात हलायचं नाही, खोकला आला तरी आधी सांगायचं. मी हूं म्हटलं. कापडाखाली माझाच गरम श्वास माझ्याच तोंडावर येत होता आणि आत हवाच नाही असं वाटत होतं. मानेवर गार जेल लागलं, मग बधिर करायची सुई टोचली. ती चावली. मग नुसतं दाबल्यासारखं. मी मनातल्या मनात ओम नमः शिवाय सुरू केलं आणि मुठीतली करडगी दाबून धरली.

"आता हलू नका," डॉक्टर म्हणाले.

आणि तेव्हाच मला कळलं की माझी मूठ उघडी आहे. घामानं हात निसरडा झाला होता, जोर कधी सुटला ते कळलंच नाही. खाली फरशीवर टक् करून वाजलं. बारीकसा आवाज. मशीनच्या टिकटिकीत तो दुसऱ्या कुणाला ऐकू आला नसावा. मला मात्र तो डोक्यातच वाजल्यासारखा झाला. सगळं अंग म्हणत होतं ऊठ, वाक, उचल. ओरडावं तर गळा हलणार. मानेत सुई, शेजारी धमनी, खाली फुप्फुस, आणि पलंगाखाली फरशीवर माझं जन्माचं दैवत. आता मी मेलेच, असं मला खरंच वाटलं. सुईनं मेले किंवा ते पडलं म्हणून मेले, पण मेले. आणि तरीही मी हलले नाही. डोळ्यांतून पाणी कानात जात होतं, ते पुसायलासुद्धा मी हलले नाही. मला जगायचं होतं, दुसरं काही नाही. एवढं उघडं कधी वाटलं नव्हतं.

नळी बसली, टाके पडले, कापड निघालं. सिस्टर खाली वाकली, करडगी बघितली आणि न उचलताच मला विचारलं, हात लावू का? मी नको म्हटलं. मशीन सुरू झालं. यांना आत बोलावलं. मी आधीच सांगून टाकलं, कारण ते पोटात ठेवून मला श्वास घेताच येईना.

"पडलं ओ. खाली पडलं. कळलं मला, पन मी उचललं न्हाई."

त्यांनी फरशीकडं बघितलं. मग माझ्या मानेकडं, त्या पट्टीकडं, नळीतून जाणाऱ्या लाल रक्ताकडं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते आणि मला सुईपेक्षा त्यांची भीती वाटत होती.

"मान हलवली न्हाईस न्हवं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"बास की मग," म्हणाले, आणि तिथंच करडगीशेजारी फरशीवर बसले. त्यांना उठवायला सिस्टरला हात द्यावा लागला.