पार्किंगमधला गळका ट्रॅक्टर

आमची शेती आयटी पार्कात गेली आणि आम्ही चौथ्या मजल्यावर राहायला आलो, तेव्हा अण्णांनी बैल विकले, औतं वाटून टाकली. ट्रॅक्टर मात्र बरोबर आणला. आम्हाला पार्किंगच्या दोन जागा मिळाल्या होत्या. एकीत माझी स्कूटी आणि दुसरीत तो, नव्या कोऱ्या मोटारींच्या रांगेत. वयाने तो माझ्याहून मोठा. अण्णांचा लाडकाही तोच, असं आई म्हणायची आणि मला ते खरंच वाटायचं.

त्याच्या मागच्या अंगाला नांगर उचलणारी हायड्रॉलिक लिफ्ट होती, तिच्यातून तेल गळायचं. शेतात ते मातीत मुरायचं, कुणी विचारत नसे. इथे फरशीवर काळा डाग पसरू लागला. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी निवृत्त प्राध्यापक. एकदा डागापाशी थांबून ते अण्णांना म्हणाले, "काय पेरलंय आपण इथे? रोज तेल देताय म्हणून विचारलं."

मग बैठकीत ठराव झाला. दिवाळीपर्यंत गळती थांबवा, नाहीतर ट्रॅक्टर हलवा. मी तावातावाने भांडले. मी नुकतीच सॉफ्टवेअर कंपनीत लागले होते, इंग्रजीतून भांडायची हौसही होती. अण्णा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होते. ट्रॅक्टर गेला की त्यांचं शेतकरीपण संपणार, असं मला वाटत होतं. शेतकरी नसलेले अण्णा मी कधी पाहिलेच नव्हते, आणि मला त्याची फार भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा कामाला लागले. हा नट आवळ, तो पाइप बघ. तेल गळायचं ते गळतच राहिलं. नेमकं कुठून, ते कळेना. कळणार कसं? रोज सकाळी उठल्याबरोबर ते आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्याने ट्रॅक्टर पुसून लख्ख करायचे. जनावराला खरारा करावा तसा हा नेम, शेतातही चुकला नव्हता.

शेवटी आईच खाली आली. "दोन दिस फडकं लावू नगा," ती म्हणाली. "मडकं कुठं झिरपतंय ते कळंना झालं की आपण राख फासत नव्हतो का?"

चौथ्या मजल्यावर राख कुठली? तिने रांगोळीचा डबा आणला आणि लिफ्टच्या सगळ्या सांध्यांवर पांढरीशुभ्र रांगोळी चोपडली. सेक्रेटरी जिन्यावरून उतरत होते. "दसरा होऊन गेला ना?" एवढंच विचारून ते फिरायला गेले.

अण्णांना त्या दोन दिवसांत करमेना. फडकं खांद्यावर टाकून ट्रॅक्टरभोवती नुसते घुटमळत होते. तिसऱ्या सकाळी नांगर उचलणाऱ्या डाव्या लोखंडी हाताच्या मुळाशी रांगोळी ओली आणि काळी झालेली दिसली. बाकी सगळीकडे कोरडी होती. लिफ्टचा आडवा दांडा जिथून बाहेर येतो, तिथली रबरी रिंग गेली होती.

रविवारी अण्णांनी लिफ्ट खाली टेकवली, दांड्यावर आणि त्या लोखंडी हातावर छिन्नीने एकेक खूण केली, मग हात उपसून काढला. पुन्हा बसवताना दांड्याच्या टोकाचा एक दात जरी इकडचा तिकडे झाला तर नांगर वाकडा उचलला जातो, असं ते मला समजावत होते. रिंग पापडासारखी कडकडीत झाली होती, काढताना तुटली. ते तुकडे रुमालात बांधून आम्ही नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हातारे मुसलमान गृहस्थ होते. तुकडे जुळवून पाहत त्यांनी सहज विचारलं, "शेती कुठे आपली?"

"लोणीला," अण्णा म्हणाले.

लोणी काळभोरला आमच्या आत्याची शेती होती, आमची नव्हे. माणसाला आपली अब्रू राखू द्यावी.

नवी रिंग बसली, तेल भरलं, नांगराऐवजी वाळूची पोती अडकवून लिफ्ट वर उचलून ठेवली. आईने पुन्हा रांगोळी लावली. सकाळी बघतो तर ती जशीच्या तशी पांढरी. मी धावत जाऊन सेक्रेटरींना बोलावून आणलं. त्यांनी चष्मा काढून, वाकून पाहिलं. "राहू द्या मग," ते म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी ऑफिसला उशिरा गेले.

त्या संध्याकाळी अण्णांनी लोणीला आतेभावाला फोन केला. ट्रॅक्टर घेऊन येतो, तुझ्याकडंच राहील म्हणाले. मी भडकलेच. "मग मी भांडले कशाला? तुम्ही एवढा दुरुस्त केलात कशाला?"

"गळका कसा द्यायचा?" ते शांतपणे म्हणाले. "आजारी जनावर कुणाच्या दावणीला बांधू न्हाई. त्याला काम पायजे. हितं नुसतं पुसून घेतंय ते."

मला त्यांचा राग आला होता आणि रडूही येत होतं. तरी शनिवारी सोलापूर रस्त्याने ट्रॅक्टर पुढे आणि स्कूटीवर मी मागे, अशी आमची वरात निघाली. आतेभावाने लगेच नांगर जोडला. लिफ्ट सरळ वर उचलली गेली, थेंबही गळला नाही. "मामा, पहिलं तास तुम्ही मारा," तो म्हणाला.

"तू मार."

तो निघाला. माती उलटू लागली. अण्णा चपला काढून बांधावर उभे होते. एक फेरी झाली. ट्रॅक्टर आमच्याकडे वळला तेव्हा त्यांनी माझा दंड धरला.

"चल," ते म्हणाले. "आनखी थांबलो तर परत मागून घीन."