बाबांनी डोळे मिटणं सोडलं

बाबांच्या डोळ्यांचं जे झालं त्यात तुमचा काही दोष नाही, असं डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं. डॉक्टर भला माणूस आहे, पण त्याला फोटोग्राफीतलं काही कळत नाही.

बाबा स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमधून रिटायर झाले आणि आम्ही सेक्टर 10 चं क्वार्टर सोडून वैशाली नगरात स्वतःच्या घरात आलो. त्याच वर्षी मी डिप्लोमावर मिळालेली नोकरी सोडली आणि पोर्ट्रेट काढायला लागलो. स्टुडिओ नव्हता. तळहाताएवढे दोन फ्लॅश, दोन स्टँड, एक पांढरी छत्री, सगळं एका पिशवीत मावायचं. लोकांच्या अंगणात नाहीतर गच्चीवर जायचं, संध्याकाळच्या उतरत्या उजेडात फ्लॅश लावायचा आणि चेहरा उठून दिसेल असं करायचं. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की बाबा उन्हापावसाचं बोलायला लागायचे.

हात बसवायला रोज एक चेहरा लागतो. आई स्वयंपाकघरातून बाहेर यायला तयार नव्हती. राहिले बाबा. रिटायर झालेल्या माणसाकडं वेळ भरपूर असतो आणि नाही म्हणायची सवय हळूहळू सुटते. रोज संध्याकाळी मी त्यांना अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवायचो. फ्लॅश कॅमेऱ्यावरच ठेवला तर माणूस आधार कार्डावरच्यासारखा सपाट येतो, म्हणून मी तो स्टँडवर चढवून पार बाजूला, त्यांच्या डाव्या कानाच्या रेषेत ठेवायचो. मग कपाळावरच्या आठ्या, बसलेली गालफडं, हनुवटीवरचा जुना भाजल्याचा वण, सगळं जागच्या जागी दिसायचं. चेहरा मोठा देखणा होता. पण ऐन वेळेला बाबा डोळे मिटायचे.

त्याला कारण होतं. फ्लॅश ऑटोवर असला की खरा झोत पडायच्या आधी एक बारीकशी चमक पडते, उजेडाचा अंदाज घ्यायला. बहुतेकांना ती कळतही नाही. काहींच्या पापण्या मात्र तेवढ्यावरच मिटतात, आणि झोत पडतो तो मिटल्या डोळ्यांवर. बाबा त्यांतले. आता ती चमक बंद करता येते, एका बटणाचं काम आहे, आणि मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी बटण दाबलं नाही. लहानपणी पाढे चुकले की बाबा लाकडी पट्टी घेऊन समोर बसायचे आणि म्हणायचे, "पालथ्या घड्यावर पाणी." तेरावर मी अडलो की सगळं क्वार्टर ऐकायचं. आता खुर्चीवर ते होते आणि तास माझा होता. मला मजा येत होती, हे आज लिहितो.

"बाबा, डोये उघडे ठेवा ना. किती वेळा सांगू?"

"ठेवून तर राहिलो."

"पूरी जिंदगी लाल लोखंडासमोर गेली तुमची, आन एवढुशा लाइटले भेता? पालथ्या घड्यावर पाणी."

आई दारात येऊन म्हणायची, "कावून बोलून राहिला बापाशी असा?" बाबाच तिला हातानं आत जायची खूण करायचे. मग गुडघ्यांवर हात ठेवून पुन्हा ताठ बसायचे, शाळेतल्या पोरासारखे.

असे कितीतरी महिने गेले. मग बाबा मधूनच एक नवीन प्रश्न विचारायला लागले. कॅमेरा वाजला की म्हणायचे, "पेटला का?"

मला वाटलं, टिंगल करतात. "पेटला का म्हणजे? डोये कुठं ठेवले होते तुमी?" असं मी दोनतीनदा खेकसलो. त्यानंतर त्यांनी विचारणं बंद केलं.

आणि एका संध्याकाळी चमत्कार झाला. चाळीस फोटो काढले, चाळीसांत डोळे उघडे. नुसते उघडे नाहीत, स्थिर. डावा गाल उजेडात, उजवा सावलीत आणि मधे सरळ माझ्याकडं लागलेली नजर. मी कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यापुढं धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना म्हणालो, "शाब्बास बाबा, जमलं तुमाले."

ते हसले. आईला हाक मारून चहा टाकायला लावला. जेवताना तिला पुन्हा सांगितलं, "शाब्बास म्हणे पोरगा." दुसऱ्या दिवशी मिलमधल्या जुन्या दोस्ताला फोनवरही सांगितलं. मी तो फोटो मोठा करून बाहेरच्या खोलीत लावला. मोबाइलवरून तो गावभर गेला आणि मला कामं यायला लागली. रिटायर होणारे लोक म्हणायचे, हमको भी ऐसा ही चाहिए.

त्याच दिवसांत बाबा एकदा खुर्चीवरून उठले आणि डावीकडच्या स्टँडला धडकले. स्टँड फरशीवर आडवा झाला, फ्लॅशची काच फुटली. स्टँड मांजर नव्हता, आडवा धावत आला नव्हता. तासभर तिथंच उभा होता.

"आंधये झाले का तुमी?" मी ओरडलो. शेजारच्या गच्चीवर कपडे काढणारी बाई थांबून बघायला लागली.

बाबा खाली बसले आणि काचेचे तुकडे वेचायला लागले. समोरचे तेवढे वेचले. बाजूचे तसेच राहिले, ते मी चरफडत केरसुणीनं गोळा केले. कामचुकारपणा, दुसरं काय, असं मी आईला म्हणालो. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पुढं भाजी आणायला गेले असताना बाजूनं आलेल्या मोटरसायकलनं त्यांना पाडलं. कोपर सोलवटलं, एवढंच. पण मोटरसायकलवाला घरापर्यंत सोडायला आला आणि आईला म्हणाला, "माताजी, मैं हॉर्न बजाता रहा, इन्होंने देखा ही नहीं." आईनं माझी वाट न बघता डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मी गाडी चालवायला म्हणून गेलो.

तिथं एक मशीन होतं, पांढऱ्या वाटीसारखं. त्यात हनुवटी टेकवून नजर समोर ठेवायची. कडेकडेनं बारीक दिवे लुकलुकतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी मागं उभा राहून बघत होतो. डावीकडं दिवा लागला, विझला. उजवीकडं लागला, विझला. बाबा मान ताठ धरून, डोळे उघडे ठेवून, समोर बघत बसले होते. अंगठा बटणावर होता आणि हलत नव्हता. ती बैठक मी ओळखली. माझ्या बाहेरच्या खोलीत ती फ्रेममध्ये होती.

काचबिंदू होता. कडेची सगळी नजर गेली होती, मधे मूठभर उरली होती. गेलेलं परत येत नाही, उरलेलं औषधानं टिकलं तर टिकेल. वेळेवर आला असता तर बरंच वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले आणि विचारलं, "कब से है ये?" बाबांनी मान पूर्ण वळवून मला शोधलं. "इसके पास सब फोटो हैं," ते म्हणाले.

खरंच होते. घरी येऊन मी एकेक महिन्याचं फोल्डर उघडलं. डोळे मिटलेले बाबा. मिटलेले. अर्धवट मिटलेले. मग चाळिसातले दहा उघडे, मग वीस. रोग पायरीपायरीनं आत येत होता आणि मी प्रत्येक पायरीचा फोटो काढून तो नीट जपून ठेवला होता. शाब्बासच्या दिवसाचं फोल्डर आलं तेव्हा मी मोजलं, त्याला दीड वर्ष झालं होतं.

मी अंगणात गेलो. ते त्याच खुर्चीवर होते. बाजूला बसलो असतो तर दिसलो नसतो, म्हणून समोर जमिनीवर बसलो.

"बाबा, फ्लॅश दिसत नव्हता तर सांगितलं कावून नाही?"

"इचारलं होतं ना तुले. पेटला का म्हून. तू चिडला." मग म्हणाले, "मंग तू शाब्बास म्हणाला. मले वाटलं, जमलंच असंल मले."

ती आधीची चमक मी आता बंद ठेवतो. आता कुणाचेही डोळे मिटत नाहीत.

फोटो मात्र बाहेरच्या खोलीत तसाच आहे. मी उतरवायला गेलो तर बाबाच म्हणाले, राहू दे, धंद्याचा आहे. दुपारी ते त्याच्याखाली बसलेले असतात. परवा एक गिऱ्हाईक आलं, रेल्वेतून रिटायर होणारं. फोटोकडं बघत राहिलं, मग बाबांकडं वळून म्हणालं, "क्या नजर है अंकल, पलक तक नहीं झपकी. कैसे किया?"

बाबांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. ती वळेपर्यंत जरा वेळ लागला.

"लड़के ने सिखाया," ते म्हणाले.