लेबलं धुतली ती सकाळ

जाधव सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोठ्यात धार काढत होतो. फोन सुनेने घेतला. ती दारात येऊन उभी राहिली, बोलेना. मी म्हटलं, "काय ते बोल, गाय पान्हा चोरंल." मग तिने सांगितलं... मी धार पुरी काढली, हात धुतले आणि मुरबाडची एसटी धरली. त्याला आता दीड महिना झाला. हे मी सांगतोय आणि सून लिहितेय. ती मधेमधे वाक्य सुधारायला बघते, मी सुधारू देत नाही.

किन्हवलीच्या पुढे आमची शाळा, बारावी सायन्सपर्यंत. सर तिथे रसायन शिकवायचे आणि मी प्रयोगशाळेचा शिपाई. मला वाचता येत नव्हतं. शाळा दुसरीतच सुटली होती. नोकरी धरताना चौथी पास सांगितलं आणि कुणी कागद मागितला नाही. पण बारा वर्षांत माझ्या हातून चुकीची बाटली गेली नाही, कारण कपाटातली प्रत्येक बाटली मला जागेवरून पाठ. लेबलं ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी असतात, असा माझा तोरा होता. चुका व्हायच्या त्या दुसऱ्याच. एकदा चांदीचं औषध, म्हणजे सिल्व्हर नायट्रेट, हातावर सांडलं आणि हात काळेकुट्ट झाले. दुसऱ्या दिवशी भाच्याची हळद. एकही पाहुणा माझ्या हातची हळद लावून घेईना. सर पण आले होते. ते पुढे झाले आणि म्हणाले, "मला लावा, मी याच धंद्यातला आहे."

तर त्या सकाळी बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा होती. बाहेरचे परीक्षक शहापूरच्या एसटीने यायचे होते. प्रयोगशाळा चकचकीत दिसावी म्हणून मी पहाटेच येऊन अठराही बाटल्या, बुचं घट्ट लावून, राख आणि काथ्याने घासल्या. आमच्या घरी सणाची भांडी अशीच घासतात. जुनी लेबलं सुटून घमेल्यात तरंगायला लागली. मी काळजी केली नाही. बाटल्या ओळीने, कपाटातल्या क्रमानेच व्हरांड्यात उन्हात मांडल्या आणि घंटा द्यायला गेलो. परत येतो तर हेडमास्तर हसत उभे. "बघ धर्मा, कशा शोभतायत!" त्यांनी बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या होत्या. पीटीच्या तासाला पोरं लावतात तशा.

पाच बाटल्या रंगावरून कळल्या. उरलेल्या तेरा पाण्यासारख्या. त्यातल्या कशाने कातडी जळते, कशाने काहीच होत नाही, आणि अर्ध्या तासात तीस मुलं त्यांना हात लावणार. मी एकीचं बूच काढून ती नाकाजवळ नेली, तेवढ्यात सर आले आणि त्यांनी मनगटावर सटकन मारलं. "मरायचंय काय?"

मी झालं ते सांगितलं. वाटलं, ओरडतील. त्यांनी घड्याळ बघितलं, दार आतून लावलं, कोरी लेबलं नि पेन माझ्यापुढे सरकवलं. "मी तपासतो, नाव सांगतो. तुम्ही लिहा, धर्माभाऊ."

मी पेनाला हात लावला नाही. "माझं अक्षर घाण हाय, सर."

"चालेल."

"मी नाय लिवणार."

सर माझ्याकडे बघत राहिले... बाहेर मुलांचा गलका वाढत होता. मला वाटलं, आता विचारणार आणि माझी नोकरी गेली. सर म्हणाले, "बरं. मग तुम्ही तपासा, मी लिहितो."

बारा वर्षं बघितलेलं सगळं हाताला येत होतं. परीक्षानळीत थेंब, लिटमसचा कागद, लाल की निळा. तेलासारखं जड आम्ल लाकडी पट्टीवर टेकवलं तर पट्टी काळी पडली. शेवटी दोन आम्लं राहिली, दोन्ही सारखीच. एसटीचा हॉर्न ऐकू आला. "आता?" सरांनी विचारलं. मी म्हटलं, "तपकिरी बाटलीतलं चांदीचं औषध टाकतो. जिच्यात दूध फाटल्यासारखं होईल ती मिठाच्या आम्लाची, हायड्रोक्लोरिकची." एकीत झालं. सरांनी लिहिलं आणि मला परीक्षकांची बॅग घ्यायला पिटाळलं.

परीक्षक आत आले, टेबलाशी बसले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "अमोनिया द्या जरा." कपाटात अठरा पांढरी लेबलं, सगळी सारखी. हुंगायची सोय नाही. माझा हात सवयीने दुसऱ्या फळीच्या डाव्या कोपऱ्यात गेला... परीक्षकांनी लेबल वाचलं आणि मान हलवली. मग मी नीट बघितलं. अठराही बाटल्या माझ्याच क्रमाने होत्या. मी बॅग आणायला गेलो तेवढ्यात सरांनी लावल्या होत्या. म्हणजे त्यांना माझा क्रम पाठ होता. म्हणजे मला वाचता येत नाही हे त्यांना कधीचंच कळलं होतं!

दुसऱ्या कुणी पाय धरले असते. मी आठ दिवस बोललो नाही. नवव्या दिवशी सर म्हणाले, "शाळा सुटल्यावर पाऊण तास बसा माझ्याजवळ. वर्षात वाचाल." मी म्हटलं, "मला कीव नको." पुढे दर जूनला ते विचारायचे, आणि दर जूनला मी नाय म्हणायचो. दोघंही रिटायर झालो तरी सुटलं नाही. शेवटचा भेटलो तेव्हा ते खाटेवर होते, धाप लागत होती. "धर्माभाऊ, बसायचं का?" मी म्हटलं, "आता कशाला, सर?" ते हसले.

शोकसभा प्रयोगशाळेतच ठेवली. मी सगळ्यांत जुना म्हणून नव्या हेडमास्तरांनी ठरावाचा कागद माझ्या हातात दिला. "वाचा." सगळे उभे. चष्मा विसरलो, हे माझं नेहमीचं उत्तर जिभेवर आलं होतं. समोर वहिनी, सरांची बायको, डोळ्याला पदर लावून. मी कागद परत केला आणि म्हटलं, "मला वाचता येत नाय. कधीच येत नव्हतं."

वहिनी म्हणाल्या, "मग तोंडी सांगा, धर्माभाऊ."

मी बाटल्यांचं सांगितलं, लोक हसले. आठ दिवसांच्या अबोल्याचं सांगितलं, तेव्हा गप्प झाले. फोटोकडे माझ्याने बघवेना. तास झाला की सर खिडकीशी उभे राहून हाताचा खडू झटकायचे, त्या खिडकीकडे बघून मी म्हटलं, "सर, तुमी बरोबर होता. बसायला पायजे होतं."

'तुमी बरोबर होता' हे वाक्य मी जन्मात कुणाला बोललो नव्हतो. सून लिहिता लिहिता म्हणतेय, "बाबा, एकदा मला पण म्हणा."

बघू.