पुलाच्या कंपनीचा पिक्चर

खर्डीच्या अलीकडे ओढ्यावरचा पूल ज्या कंपनीनं बांधला, तिचं पाटीवरचं नाव हातभर लांब होतं. आसपासच्या पाड्यांवर मात्र सगळे तिला पुलाची कंपनीच म्हणत. तो पूल हे तिचं पहिलं काम, ब्याण्णव सालचं. पुढं कंपनीनं शहापूर-मुरबाडात रस्ते केले, गोदामं बांधली, आणि पंधरा वर्षं भरली तेव्हा मालकांना वाटलं, आपल्यावर एक पिक्चर निघायला हवा. चार पैसे गाठीला आले की माणसाला स्वतःलाच बघावंसं वाटतं, त्यात नवल नाही.

पिक्चरचं काम मिळालं शहापूरच्या भगीरथला. हा लग्नांचा शूटिंगवाला. पंचक्रोशीतली एकही नवरी त्यानं कॅसेटीत कमळाच्या फुलातून बाहेर काढल्याशिवाय सासरी जाऊ दिलेली नव्हती. मालकांनी आधीच दम भरला होता, "लग्नाची कॅसेट करून ठेवू नकोस. मशिनी दाखव, डंपर दाखव."

ही बातमी पाड्यावर आली आणि ठकीचा जीव थाऱ्यावर राहिना. त्या पुलावर ती आणि तिचा नवरा धाऊ जोडीनं कामाला होती. स्लॅबच्या दिवशी मजुरांची रांग लागते आणि कालवलेल्या मालाचं घमेलं या हातातून त्या हातात पुढं सरकत जातं. त्या रांगेत ठकी द्यायची आणि धाऊ घ्यायचा. दिवसभर घमेलं घेताना तो काहीतरी चावट बोलायचा, ती हसायची आणि मुकादम दोघांवर खेकसायचा. त्याच दिवशी हा भगीरथ, तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेला, भाड्याचा कॅमेरा खांद्यावर घेऊन शूटिंग करत हिंडत होता.

तीन वर्षांनी धाऊ काविळीनं गेला. घरात त्याचा एक फोटो नव्हता. पहिली काही वर्षं डोळे मिटले की तो दिसायचा. मग लेक रविना मोठी झाली आणि विचारू लागली, "आये, बाबा कसा दिसं गो?" ठकी म्हणायची, "तुझ्यावाणी." म्हणता म्हणता असं झालं की धाऊला आठवायला जावं तर रविनाच डोळ्यांपुढं यायची. नवरा एकदा मेला तो मेला, पण हा दुसऱ्यांदा आपल्याच हातून चालला, असं वाटून ती चुलीपुढं रडायची.

भगीरथ जुन्या मजुरांना बोलतं करायला पाड्यावर आला, तेव्हा तिनं त्याला अंगणातच गाठलं.

"भाऊ, सिलॅपाच्या दिशी तू शूटिंग केलंस. त्यात रविनाचा बापूस आसंल. येकडाव दाखव ना रे."

"त्या कॅसेटीला बुरशी लागली, वहिनी. आणि मालकांना जुनं नकोच आहे." त्यानं कॅमेरा तिपायीवर चढवला. "तुम्ही बोला. पुलावर काय काम केलंत?"

ठकी हिरमुसली, तरी बोलली. घमेल्याचं, उन्हाचं, मुकादमाच्या शिव्यांचं बोलली. "आणि रांगंत माझ्याम्होरं आमचं हे असायचं," म्हणून ती थांबली. भगीरथचं अर्धं आयुष्य मांडवात गेलेलं. तोंडाला सवयीचं वळण. तो पटकन बोलून गेला, "हे म्हणजे कोण? नाव घ्या, वहिनी, नाव घ्या!"

अंगणात सगळ्यांच्या माना खाली गेल्या. विधवेला कुणी नाव घ्यायला सांगतं का? तिची जाऊ भिमी उसळून म्हणाली, "तुला काय लाजबीज हाय का नाय रे?" भगीरथनं जीभ चावली आणि कॅमेरा बंद करायला हात नेला.

"राहू दे," ठकी म्हणाली.

बारा वर्षांत तिला कुणी धाऊचं नाव घ्यायला सांगितलं नव्हतं. हळदीकुंकवाला नाही, बारशाला नाही. मांडवात बायका नावं घेऊ लागल्या की ती आपण होऊन उठायची आणि भांडी घासायला बसायची. तिनं पदर नीट केला, गळा साफ केला आणि नव्या नवरीसारखी जमिनीकडे बघत म्हणाली,

"तानसाचं पानी म्हमईला जातं,
धाऊचं नाव माझ्यापाशी ऱ्हातं."

भिमीनं तोंडाला पदर लावला. भगीरथ मात्र ती बुरशी लागलेली कॅसेट घेऊन कल्याणला गेला, ओळखीच्या दुकानात बसून ती साफ करून घेतली आणि मालकांना न विचारता तिचा एक तुकडा पिक्चरमध्ये घातला. ज्याचं नाव घेतलंय तो माणूस दाखवायला नको? लग्नाच्या कॅसेटीचा नियमच आहे तो.

कंपनीच्या आवारात पडदा लावून पिक्चर दाखवला. पुढं खुर्च्यांवर पाहुणे, मागं ताडपत्रीवर मजूर. डंपर आले, क्रेन आली, मालक हसले. धाऊ दिसणार, हे भगीरथनं ठकीला आधीच हळूच सांगून ठेवलं होतं. तो आला आणि आपल्याला ओळखूच आला नाही तर?

मग तिचाच आवाज आला, तानसाचं पाणी, आणि पडद्यावर मुंग्या आल्यासारखं झालं. घमेल्यांची रांग दिसली. एक पोरगेला गडी घमेलं घ्यायला मागं वळला, काहीतरी बोलला आणि हसत पडद्यातून सरळ समोर बघत राहिला.

"आये, ह्यो?" रविनानं तिचा दंड धरला.

केवढासा होता तो! ठकीनं घाईघाईनं पदर कपाळापर्यंत खाली ओढला. आपले पिकलेले केस त्याला दिसायला नकोत.