आधी पडायला शिकवणारे आमचे भावजी

माझे धाकटे दीर परवा गेले. अंगातलं एकबी हाड न मोडता गेले.

पंचक्रोशीत असा दुसरा पैलवान दाखवा.

मी बोलतीय, नात ऋतुजा टाइप करतीय. मला अक्षर येत न्हाई, त्यामुळं ती काय गाळतीय ते देवालाच ठावं.

भावजी आमच्या शिराळ्याकडच्या तालमीचे वस्ताद. आता पोरीच जास्त येतात शिकायला.

रोज माती उकरून मऊ करायची, मग सोता अनवाणी फिरून खडे वेचायचे. तवर कुणी आत पाय ठेवायचा न्हाई.

पोरींची नखंबी तपासायचे. मी म्हणायची, आवं भावजी, पोरगी बघायला आलाय का?

ऋतुजाबी त्यातलीच. औंदा तिचं कुस्तीचं सिलेक्शन नेमकं नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी.

आन पंचमीला आमच्याकडं जमिनीला कुदळ लावत न्हाईत. माती उकरली न्हाई, ती बसून टणक झाली. भावजींनी प्रॅक्टिस बंद केली.

पोरगी रडकुंडीला आली. नवा डाव घोटायचा राहिलेला.

मी घरातल्या वाकळा नेऊन अंथरल्या. गल्लीतल्या बायकांनीबी आणल्या. तालीम हाय का बाळंतिणीची खोली, कळंना.

भावजी म्हणले, "वैनी, वाकळंत पाय अडकला तर गुडघा जाईल. ह्यावर कुस्ती न्हाई."

"मग काय करायचं पोरींनी?"

"पडायचं."

दिवसभर नुसतं पडायला लावलं. हनुवटी छातीला लावायची, हात टेकायचा न्हाई, खांद्यावरनं लोळायचं.

ऋतुजा फुगून बसली. माझ्या वाकळंचे टाके उसवले ते येगळंच.

दुसऱ्या दिवशी समोरच्या पोरीनं हिला उचलून डोक्यावर टाकली.

मी डोळं मिटलं. मान गेली म्हणलं.

उघडून बघतीय तर ही हनुवटी आत घेऊन लोळली आन उठून उभी.

कुस्ती हरली. सिलेक्शन हुकलं.

भावजींनी सगळ्यांदेखत तिची मान इकडं तिकडं फिरवून बघितली आन पेढे वाटले. जिंकलेल्या पोरीच्या घरच्यांनाबी दिले.

मी म्हणलं, "भावजी, हरलीय ती."

"मान जाग्यावर हाय, वैनी. फुडल्या वर्षी खेळायला मान लागंल का न्हाई?"

परवा जेवून पान खाल्लं, आडवे झाले, ते उठलेच न्हाईत. पडायचं कसं ते शेवटपर्यंत त्यांनाच जमलं.

सुतक हाय, तालमीत कुस्ती न्हाई. पण माती बसू द्यायची न्हाई म्हणून ऋतुजानं आज सकाळी ती उकरली. मग मला म्हणली, आज्जी, चप्पल काढ आन फिर.

फिरले. एक खडा माझ्याच पायाला लागला. तुमी असता तर सगळ्या पोरींनी बोलणी खाल्ली असती.

खडा काढलाय, भावजी. माती मऊ हाय.

निवांत जावा.

तुमची वैनी, आन मान जाग्यावर असलेली तुमची पोरगी.